वर बघायला ये

दिवेआगर, १४ डिसेंबर

चि. विपुल यास आत्याचा आशीर्वाद.

पाकीट हातात पडल्यावर दचकला असशील. बोर्लीच्या पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा खिडकीतला माणूसही दचकला. म्हणाला, सगुणाताई, फोन बिघडला काय? म्हटलं, फोन धडधाकट आहे, भाचा बिघडलाय.

राग नको मानूस. पण मी फोनवर काहीही लिहिलं की तू अंगठा पाठवतोस. जेवलास का, अंगठा. ताप उतरला का, अंगठा. नीराबाईची म्हैस व्याली, त्यालाही अंगठा. परवा शेजारचे दत्तात्रेयकाका वारले ते कळवलं, तर त्यालाही तू अंगठाच दिलास. मेल्या, वाचतोस तरी का? म्हणून हे कागदावर. याला अंगठा द्यायचा तर शाई लावून द्यावा लागेल, आणि तुला मी अडाणी ठेवलेलं नाही.

आता नियम ऐक. हे पत्र खोलीत बसून वाचायचं नाही. फोन उशीखाली ठेव, खाली उतर, पनवेलात एखादं झाड शिल्लक असेल तर त्याच्याखाली उभा राहून वाच. नसेल तर चहाच्या टपरीवर वाच.

तुझ्या खोलीवरचा चिराग रविवारी बोर्लीला त्याच्या घरी आला होता, तिथून इकडे डोकावला. चुगली केली म्हणून त्याच्या अंगावर जाऊ नकोस. मी त्याला घावने घातले, नारळाचा रस वाढला, आणि मग तो आपणहून बोलला. म्हणाला, गोदामातून सुटला की विपुल फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून जेवतो, मग पडून बघतो, बघता बघता फोन तोंडावर पडला की समजायचं झोपला. डोळे लाल. अंगठ्याला क्रेप पट्टी. एकोणिसाव्या वर्षी अंगठ्याला पट्टी! तुझ्या आजोबांनी जन्मभर कोयता चालवला, त्यांना लागली नाही.

त्या दिवसाबद्दल लिहू नये असं ठरवलं होतं. पण आमचा दादा, म्हणजे तुझा बाप, एक सांगतो, भिकू एक सांगतो, आणि तू काहीच न सांगता बॅग उचलून गेलास. तेव्हा माझं एकदा ऐक.

वादळात आपल्या अर्ध्या पोफळी आडव्या झाल्या. उभ्या राहिल्या त्यांतल्या काही आतून पोकळ. त्या दादाने तोडल्या नाहीत, कारण सुपारी धरतात. बुंध्याला चुन्याचा पट्टा मारून ठेवला, की यांच्यावर कुणी चढायचं नाही, आकडीने काढायचं. पण भिकू पाडेली आहे. तो एका पोफळीवर चढला की झोका घेऊन शेंड्यावरून दुसरीवर जातो, तिच्यावरून तिसरीवर. त्याला वरून बुंधा कुठला दिसायला? म्हणून खाली एक माणूस लागतो. त्याने वर बघायचं, आणि भिकूचा हात पट्ट्याच्या पोफळीकडे गेला की ओरडायचं, चुना! एवढंच काम. दुसरं काही नाही.

त्या दिवशी ते काम तुझं होतं, आणि तू खाली बघत होतास.

भिकू वाचला. पोफळ मोडता मोडता त्याने शेजारच्या माडाला मिठी मारली आणि घसरत आला, पायावर निभावलं. मग दादाने तुझ्या हातातला फोन घेऊन विहिरीत टाकला आणि नको ते बोलला. तूही बोललास. वहिनी असती तर दोघांच्या मध्ये उभी राहिली असती. ती गेल्यापासून तुला वाढवलं मी, पण त्या दिवशी मी चुलीपाशी होते, धावत येईपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. भिकूचा पाय प्लास्टरात आहे. तो तुझ्यावर रागावलेला नाही. म्हणतो, पोरगा घाबरून पांढरा पडला, चुना त्यालाच मारला असं वाटलं.

दादा मजेत आहे. काळजी करू नकोस.

तुझी आत्या

ता.क. उत्तर कागदावर. दोन ओळी चालतील.


दिवेआगर, २८ डिसेंबर

चि. विपुल यास आशीर्वाद.

दोन ओळी म्हटलं तर मोजून दोनच ओळी! पण अक्षर तुझं. मी ते पत्र नीराबाईलाही दाखवलं. तिला वाचता येत नाही, तरी म्हणाली, छान लिव्हलंय.

तू लिहितोस, "आत्या, फोन सोडायचा म्हणतो पण सुटत नाही. एक दिवस ठेवला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बघतो." अरे, तुला सोड म्हणतंय कोण? तुझ्या बापाने विहिरीत टाकून बघितला, सुटला का? पहिल्या पगारातून दुसरा आणलास, पहिल्यापेक्षा मोठा. गोदामाचं काम त्याच्यावर, पगार त्याच्यावर, माझ्या खानावळीचे पाहुणेसुद्धा त्याच्यावरच येतात. मी तुला सोड म्हणत नाही. मध्ये मध्ये खाली उतर म्हणते.

भिकू कसा करतो ते तू लहानपणापासून बघतोयस. पाचसहा पोफळी झाल्या की उतरतो. दमलेला नसतो, तरी उतरतो. पान लावतो, मान मागे टाकून सुरूच्या बनापलीकडे समुद्राकडे बघतो, मग पुन्हा चढतो. मी एकदा कामाच्या घाईत त्याला म्हटलं, अजून दोन ओळी करून बस की. तर म्हणाला, "ताई, दमल्यावर बसायला गेलं तर हात आधीच सुटलेला असतो." तुझंही तेच आहे. डोळे लाल झाल्यावर फोन ठेवतोस, तेव्हा ठेवत नाहीस, तो हातातून पडतो.

म्हणून तू असं कर. दिवेलागणीला फोन पत्र्याच्या डब्यात टाक आणि बाहेर जा. किती वेळ ते ठरवू नकोस, पोटात भूक लागेपर्यंत. जेवताना बाटलीला फोन टेकवायचा नाही, चिरागला टेकव. त्यालाही कुणीतरी बोलायला हवं आहे. गोदामात मधली सुट्टी झाली की फोन न घेता गेटपर्यंत चालून ये. पहिले दिवस हात शिवशिवतील. शिवशिवू देत. नवीन सून माहेरच्या वाटेकडे बघते तसे दोनचार दिवस बघतील आणि मग कामाला लागतील.

इकडे नाताळच्या सुट्टीने खानावळ भरलेली आहे. काल एक कुटुंब आलं, तीन मुलं. किनाऱ्यावर नेली तर तिघं ओळीने बसून फोनमध्ये दुसऱ्याच कुठल्या समुद्राचा व्हिडिओ बघत होती. मी बोलणार होते, पण पाहुणे पडले. संध्याकाळी त्यांना म्हटलं, चला, ओल्या सुपाऱ्या सोलायला माणूस हवंय. आधी तोंडं वाकडी झाली. मग त्यांची आई हाका मारून दमली तरी उठेनात.

दादा बरा आहे. जेवायला जरा उशिरा येतो एवढंच. डोळ्यांतून पाणी येतं म्हणतो. चुलीचा धूर असेल.

तुझी आत्या


दिवेआगर, १८ जानेवारी

चि. विपुल यास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. पूर्ण पानभर! डबा संध्याकाळी बंद होतो, चिराग आणि तू मैदानावर जाता, पट्टी सुटली, हे सगळं वाचून मी देवापुढे साखर ठेवली. झोप येते म्हणतोस, त्याचा मला सगळ्यात जास्त आनंद झाला.

आता मला एक खोटं निस्तरायचं आहे. दादा मजेत आहे असं मी लिहिलं. नाही तो मजेत.

भिकूचा पाय सुटला, तो कामावर आला. सुपारी पिवळी होऊन गळायला लागलेली. वादळानंतर लावलेल्या रोपांनाही यंदा पहिल्यांदा फळ आलंय, तू आणि दादाने खड्डे मारले होते त्यांना. भिकू चढला. खाली कोण? तर दादा स्वतः. मी माजघरात तांदूळ निवडत होते, एवढ्यात भिकूचा आवाज. बाहेर येऊन बघते तर तो खाली उतरून गमछा खांद्यावर टाकून उभा. म्हणाला, "बाप पन खाली बगतो नि लेक पन खाली बगतो. मंग वर कोन बगनार? मी न्हाय चढत."

तुझ्या बापाच्या हातात फोन होता.

होय, त्याच माणसाच्या. ज्याने तुझा विहिरीत टाकला. मी म्हटलं, दादा, लाज नाही वाटत? काय बघतोस एवढं? फोन लपवायला लागला, चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखा. मी हिसकावून घेतला. मला वाटलं काहीतरी नको ते असेल. तर काय होतं? तुझं नाव होतं. वर तुझा फोटो, आणि त्याच्याखाली कोरी जागा. एकही शब्द लिहिलेला नाही. नुसतं तुझं नाव उघडून बसला होता.

म्हणाला, "नावाखाली ऑनलाइन आलं का समजतं, पोरगा हाय."

तू गेलास त्या दिवसापासून हे चाललंय. जेवताना, पाण्याची पाळी चालू असताना, देवळात. तू फोनवर दिसलास की याचा घास उतरतो. मी विचारलं, मग फोन करून बोलत का नाहीस? तर म्हणाला, "त्येचा फोन मीच हिरीत टाकला. आता कंच्या तोंडानं फोन करू?"

बघ आता कसा घोळ झालाय. मी तुला सांगितलं संध्याकाळी फोन ठेव. तू शहाण्यासारखा ठेवलास. तू तिकडे ठेवलास की इकडे तुझा बाप हातात घेतो, आणि तू दिसेपर्यंत खाली ठेवत नाही. तुझे डोळे निवळले आणि त्याचे लाल झाले. धूर कसला, डोंबल!

तुझा राग मला कळतो. चारचौघांत, गड्यासमोर तो तुला जे बोलला ते बापाने बोलू नये. पण विपुल, सुपारी झाडावर आहे, भिकू चढत नाही, आणि मी खाली उभी राहून मान वर करते तर मला घेरी येते. यंदाचं पीक गळून चाललंय, ते गेलं तर पुढच्या वर्षी येईल. दादाचं काय करू ते मला सुचत नाही. डबा बंद करायच्या आधी त्याला एक फोन कर. बोलू नकोस हवं तर, नुसतं "ठेवतोय" म्हण. म्हणजे तोही ठेवेल.

सगुणा आत्या


दिवेआगर, ८ फेब्रुवारी

विपुल,

तू फोन केला नाहीस. पत्रात लिहिलंस, "बघतो." बरं, बघ. मी जबरदस्ती करणार नाही. पण मागच्या रविवारी काय झालं ते तुला कळायला हवं. दादाने सांगू नकोस म्हणून मला गळ्याची शपथ घातलीय. मी सांगतेय. माझ्या गळ्याचं मी बघून घेईन.

रविवारचा पूर्ण दिवस फोन बंद ठेवणार असं तू मला कळवलं होतंस. मी दादाला सांगायला विसरले. खानावळीत मुंबईचा मोठा ग्रूप होता, उकडीचे मोदक हवे म्हणून अडून बसलेला, त्या गडबडीत राहून गेलं. दुपारी ताट वाढून हाक मारते तर दादा नाही. वाडीत नाही, देवळात नाही. पाण्याचा पंप तसाच चालू, आळी भरून पाणी वाटेवर आलेलं. नीराबाईने सांगितलं, हिरामणदादा वाडीतल्या कपड्यांवरच बोर्लीकडे गेला, चपलासुद्धा वेगवेगळ्या होत्या.

सकाळपासून तुझ्या नावाखाली काही आलं नव्हतं. आदल्या रात्रीचीच वेळ होती. फोन लावावा तर तोंड नाही. म्हणून माणूस उठला आणि बोर्लीहून माणगाव, माणगावहून पनवेल, मिळेल त्या गाडीने तुझ्याकडे निघाला. विहिरीवर जाऊन आलेला माणूस जसा ओला असतो तसा घामाने ओला होऊन पोचला असणार.

पुढचं मला चिरागने सांगितलं. तुम्ही मैदानावर क्रिकेट खेळत होतात. चिराग भिंतीजवळ फिल्डिंगला. त्याला भिंतीपलीकडे दादा दिसला. तो तुला हाक मारणार, तर दादाने ओठांवर बोट ठेवलं. बराच वेळ तिथे उभा होता म्हणे. मग गेला.

रात्री उशिरा घरी आला. मी ताट वाढलं. अर्धं जेवण झाल्यावर आपणच बोलायला लागला.

"धावत व्हता, सगुणा. बॉलच्या मागं. ल्हानपनी वाळूत धावायचा तसाच."

म्हटलं, मग हाक का नाही मारलीस? एवढा जीव टाकून गेलास.

म्हणाला, "हाक मारली असती तर थांबला असता."

विपुल, मला पुढे वाढता आलं नाही. मी मीठ आणायच्या निमित्ताने उठले.

जेवण झाल्यावर त्याने स्वतः फोन आणून माझ्या हातात दिला. म्हणाला, दिवा लागला का हा तुझ्याकडं ठेवत जा. मी तो तांदळाच्या डब्यात पुरला. आता रोज दिवेलागणीला फोन तांदळात जातो, आणि दादा बाहेर ओट्यावर बसतो. पहिल्या दिवशी नुसता पाय हलवत होता. दुसऱ्या दिवशी गळलेल्या सुपाऱ्या सोलायला घेतल्या. कालपासून भिकू येऊन बसतो, दोघं मिळून सगळ्या गावाची उणीदुणी काढतात. डोळे बरे आहेत.

तुला एकच मागणं. शिमगा जवळ आला.

आत्या


दिवेआगर, २२ फेब्रुवारी

चि. विपुल,

मी तुझा बाप लिहितोय. सगुणा म्हणाली तुझं तू लिही, मी किती दिवस टपाल वाहू. मला लिहायची सवय न्हाय. चुकलं माकलं तर सोडून दे.

तुझा परवा फोन आला. "बाबा, ठेवतोय," एवढंच तू बोललास. मी हां म्हणालो. आणखी बोलायचं होतं. सगुणाने विचारलं काय बोलला, मी म्हटलं, लय बोलला.

भिकूच्या पायाचं झालं ते झालं. त्या दिवशी मी भिकूसमोर तुला बोललो, ते बोलायचं न्हवतं. राग भिकूसाठी न्हवता. खरं सांगतो, भिकू पडताना बघितला तेव्हा मला वाटलं उद्या तू रस्त्यानं खाली बघत चाललास नि गाडी आली तर. ते मला बोलता आलं न्हाय, म्हणून फोन टाकला.

विहीर उपसली. गाळात तुझा फोन सापडला. गळलेली सुपारी वाळत घातलीय त्यात तो पण उन्हात ठेवलाय. सगुणा हसते. भिकू म्हणतो सोलून बघ आत काय हाय. चालू होईल असं वाटत न्हाय. पण रोज सुपारी हलवताना त्याला पण उलटा करतो.

वादळानंतर आपण दोघांनी लावलेल्या पोफळींची सुपारी अजून काढली न्हाय. भिकू तयार हाय. शिमग्याच्या आदल्या दिवशी चढणार. चुन्याचा पट्टा मी नवा मारलाय. मी भिकूला विचारलं, खाली कोण हवा तुला? म्हणाला विपुल. मी पण विपुलच म्हणणार होतो.

तेव्हा वर बघायला ये.

आणि संध्याकाळी फोन डब्यात ठेवतोस ते चालू दे. रविवारी दिवसभर बंद ठेवलास तरी चालंल. नावाखाली काय आलं न्हाय तर मी आता गाडी पकडणार न्हाय. पोरगा बॉलमागं धावतोय, असं समजन.

तुझा बाप
हिरामण